मेडिक्लेममध्ये औषधांचे पैसे कधी मिळतात, कधी कापले जातात

बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला दोन-तीन हजार जातात, घरात पाच लाखांची पॉलिसी आहे, तरी त्या गोळ्यांचे पैसे मिळत नाहीत. यात कंपनीची लबाडी नाही. आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी ॲडमिशनसाठी असते, आणि औषध त्या ॲडमिशनचं बोट धरून येतं. त्यामुळे औषध चांगलं की महाग याला फारसा अर्थ नाही. क्लेम तपासणारा तीन गोष्टी पाहतो: औषध कुठे दिलं, कोणत्या तारखेला दिलं आणि कोणत्या आजारासाठी दिलं. तीच गोळी वॉर्डात मिळाली तर बिलात धरली जाते, डिस्चार्जनंतर विसाव्या दिवशी घेतली तरी धरली जाते, आणि सहा महिन्यांनी घेतली तर तिचा खर्च आपल्याच खिशातून.

आधी पॉलिसीचा कागद

चाळीस पानी पॉलिसी कोणी वाचत नाही, हे विमा नियामकालाही (आयआरडीएआय) ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मागितलं तर ते मराठीतही मिळतं. मागाच. त्यात औषधांच्या दृष्टीने पुढच्या गोष्टी शोधा.

ॲडमिशनच्या आधीचे आणि नंतरचे किती दिवस धरले आहेत? आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या प्रमाणित पॉलिसीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस आहेत. बाकी बऱ्याच पॉलिसींत हे ६० आणि ९०, काहींत ६० आणि १८० असतात. औषधांसाठी हा नंतरचा आकडा सगळ्यात मोलाचा, कारण हृदयविकार, हाडाचं ऑपरेशन किंवा पक्षाघात यांत औषधांचा मोठा खर्च घरी आल्यावरच सुरू होतो. दोन पॉलिसींच्या हप्त्यात थोडाच फरक असेल, तर रूमच्या दर्जापेक्षा हा आकडा पाहून निवड करावी.

को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, आहे का? आरोग्य संजीवनीत ५ टक्के आहे. ज्येष्ठांच्या काही पॉलिसींत तो २० टक्क्यांपर्यंत जातो आणि औषधांच्या मंजूर रकमेलाही लागतो.

आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ) किती उरला आहे? हा जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. तो संपलेला नसेल तर त्या आजाराच्या ॲडमिशनमधली औषधंही गेली.

वॉर्डात असताना

किमान २४ तास ॲडमिट असलात, किंवा केमो, डायलिसिस, मोतीबिंदू अशा डे-केअर (२४ तासांच्या आत घरी सोडतात अशा) उपचारासाठी गेलात, तर त्या उपचारात दिलेली औषधं, सलाइन, इंजेक्शनं धरली जातात. केवळ तपासण्यांसाठी, किंवा ओपीडीत घेता आलं असतं अशा एखाद्या इंजेक्शनसाठी ॲडमिट झालात, तर अख्खा क्लेमच अडकतो. 'एक रात्र ठेवू, म्हणजे मेडिक्लेममध्ये बसेल' हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असो, ऐकू नका.

फार्मसीच्या बिलात औषधांच्या ओळींमध्ये बऱ्याच इतर वस्तू मिसळलेल्या असतात आणि कात्री तिथे लागते. न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची यादीच आहे: ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर, थर्मामीटर, नेब्युलायझर किट, क्रेप बँडेज, मानेचा पट्टा, ईसीजीचे इलेक्ट्रोड, शुगर-फ्री गोळ्या, इतकंच काय, सलाइनसाठी हाताला लावलेली व्हॅसोफिक्सची सुईसुद्धा. 'किट' असं मोघम लिहून आत काय होतं याचा तपशील दिला नाही, तर ती रक्कम पूर्ण जाते. म्हणून बिलात 'प्रोसिजर किट' दिसलं की डिस्चार्जआधीच त्याची फोड करून मागा. स्पिरिट, अल्कोहोल स्वॅब, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, युरिन बॅग या वस्तू वेगळ्या यादीत आहेत. त्या उपचाराच्या दरातच धरलेल्या असायला हव्यात, हॉस्पिटलने वेगळे पैसे लावायचे नसतात. जादा हप्ता भरून 'कन्झ्युमेबल्स' (एकदा वापरून टाकायच्या वस्तूंचं) कव्हर घेतलं असेल, तर यातल्या बऱ्याच वस्तूंचे पैसे मिळतात.

पॉलिसीने दिलेल्या मर्यादेपेक्षा महागडी रूम घेतली, की कंपनी डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्च त्याच प्रमाणात कापते. समजा मर्यादा रोजची ५,००० आणि रूम १०,००० ची, तर हे खर्च निम्मे होतात. पण औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू नसते, कारण औषधाची किंमत रूमप्रमाणे बदलत नाही. पॉलिसीतली 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' ची व्याख्या उघडून पाहा, तिथे हे लिहिलेलं असतं. तरीही सरसकट निम्मं बिल मंजूर होऊन आलं, तर त्या व्याख्येवर बोट ठेवून पत्र लिहावं.

वॉर्डात मागवलेली पण न वापरलेली इंजेक्शनं परत जातात. त्यांची वजावट अंतिम बिलात आली का, हे तपासा. कॅशलेस (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते) असलं तरी तपासा, कारण त्या पैशांनी तुमचीच विमा रक्कम कमी होते. आणि एखादं औषध हॉस्पिटलमध्ये नाही म्हणून नातेवाइकांना बाहेरच्या मेडिकलमधून आणायला लावलं, तर वॉर्डाने दिलेली चिठ्ठी औषधाबरोबर मेडिकलवाल्याकडे सोडून येऊ नका. ती चिठ्ठी आणि बिल जोडून नंतर वेगळा क्लेम करता येतो. नुसत्या बिलावर होत नाही.

डिस्चार्ज कार्ड सही करण्याआधी वाचा

नंतरचा औषधांचा क्लेम सगळा या एका कागदावर उभा असतो. औषधाचं नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे चारही हवं. 'कंटिन्यू सेम' एवढंच लिहिलेलं असेल तर तपासणारा विचारणार, सेम म्हणजे काय?

दुसरी ओळ पाहायची ती जुन्या आजारांची. ॲडमिशनच्या गडबडीत कुणी नातेवाईक 'शुगर? असेल दहाएक वर्षं' म्हणून जातो आणि निवासी डॉक्टर तसंच लिहितो. प्रत्यक्षात शुगर तीन वर्षांपूर्वी निघालेली असते आणि पॉलिसी चार वर्षांची. त्या एका आकड्यामुळे 'आजार लपवला' असा शेरा बसू शकतो. कालावधी चुकीचा असेल तर जुने रिपोर्ट दाखवून डिस्चार्जआधीच दुरुस्ती आणि डॉक्टरांची सही घ्या. मागाहून केलेल्या दुरुस्तीकडे कंपनी संशयाने पाहते. खरा कालावधी मात्र बदलायला सांगू नका. ती सरळ फसवणूक ठरते.

घरी आल्यावरचं एक बिल, ओळीओळीने

समजा अँजिओप्लास्टीनंतर बाराव्या दिवशी मेडिकलमधून २,९०० रुपयांचं बिल झालं. नंतरचे ६० दिवस धरणारी, ५ टक्के को-पेची पॉलिसी आहे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, १,४२० रुपये: मिळतात. ॲडमिशन त्याच आजाराचं आहे.
पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी), १८०: मिळतं, कारण डिस्चार्ज कार्डावर आहे.
थायरॉइडची गोळी, १६०: रोजची, गरजेची, पण ॲडमिशनशी संबंध नाही. कापली जाते.
मल्टिव्हिटॅमिन, २४०: इथे वाद होतो. चिठ्ठीशिवाय मिळणारी जीवनसत्त्वं आणि पूरक आहार हे प्रमाणित अपवादांमध्ये आहेत, पण ॲडमिशनच्या उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली असतील तर तो अपवाद लागत नाही. कार्डावर नाव असेल तर हक्काने मागा.
प्रोटीन पावडर, ६९०: नियम तोच, पण हिला सहसा कात्री लागतेच.
थर्मामीटर, २१०: ६८ च्या यादीत आहे, विषय संपला.

म्हणजे नक्की धरायचे ते १,६०० आणि को-पे जाऊन हाती येणार १,५२०. मेडिकलवाल्याकडून दोन वेगळी बिलं करून घ्यावीत, एक क्लेमचं आणि एक घरचं. मिसळलेल्या बिलावर प्रश्न येतो आणि मग सगळंच लांबतं.

तारखेचंही असंच. साठाव्या दिवशी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या, तर पुढच्या दिवसांचे पैसे कापले जाण्याची शक्यता मोठी. महिन्याच्या महिन्याला घ्या.

कागद कसे लावायचे

बिल छापील हवं; त्यावर पेशंटचं पूर्ण नाव, डॉक्टरांचं नाव, बिल क्रमांक, तारीख, बॅच नंबर आणि दुकानाचा परवाना क्रमांक हवा. पॉलिसीवर नाव 'सुमती' आणि बिलावर 'काकू' असं होतं, हसू नका. चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची किंवा त्याच दिवशीची असावी. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून बिल आलं त्या दिवशीच फोटो काढून ठेवा. मूळ बिलं पाठवण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा.

आरोग्य संजीवनीत ॲडमिशनचा आणि आधीच्या दिवसांचा क्लेम डिस्चार्जपासून ३० दिवसांत, आणि नंतरच्या औषधांचा क्लेम तो उपचार संपल्यापासून १५ दिवसांत द्यायचा असतो. इतर पॉलिसींच्या मुदती थोड्या वेगळ्या असतात. ॲडमिशन कॅशलेस झालं म्हणून आधीची-नंतरची औषधं आपोआप येत नाहीत. त्यांचा क्लेम स्वतः लावावा लागतो. हे पैसे बहुतेक लोक न मागताच सोडून देतात.

कॅन्सर आणि डोळ्यांतली इंजेक्शनं

शिरेतून दिली जाणारी केमो डे-केअरमध्ये बसते. तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या, मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आणि रेटिनासाठी डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनं 'आधुनिक उपचारां'च्या यादीत येतात. ती पॉलिसीतून पूर्ण वगळता येत नाहीत, पण त्यांना मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. काही पॉलिसींत त्याहून खूप कमी असते. उपचार सुरू होण्याआधी कंपनीला औषधाचं नाव, मात्रा आणि एकूण किती डोस लागणार हे ईमेलने कळवून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'हो मॅडम, कव्हर आहे' उपयोगाचं नाही.

रोजच्या गोळ्यांचं काय

त्यासाठी ओपीडी कव्हर, म्हणजे ॲडमिट न होता झालेल्या खर्चाचं कव्हर लागतं. घेताना विचारा: वर्षाची मर्यादा किती, औषधं त्यात आहेत की फक्त डॉक्टरांची फी, आणि कोणत्याही मेडिकलचं बिल चालतं की ठरलेल्या ॲपवरूनच घ्यायचं. 'औषधांवर १५ टक्के सूट' हे कव्हर नाही, ती दुकानदारी आहे. वर्षाला ५,००० ची औषधं मिळवण्यासाठी हप्ता ४,५०० ने वाढत असेल तर जनऔषधी केंद्रातून जेनेरिक घेणं केव्हाही स्वस्त, अर्थात डॉक्टरांना विचारून. कर्मचारी राज्य विमा योजना किंवा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस लागू असेल तर रोजची औषधं दवाखान्यातूनच मिळतात. तिथे वेगळं ओपीडी कव्हर घेण्यात अर्थ नाही. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये ॲडमिशनआधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत, त्या काळातल्या औषधांसकट.

कापलं तर

आधी कपातीचा तक्ता लेखी मागा: कोणती ओळ, किती रुपये, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली. 'नॉट पेएबल' एवढं उत्तर पुरेसं नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे ओळीनिहाय उत्तर द्या, डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडून. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोव्यासाठी पुण्याचं. अर्जात हॉस्पिटलची आणि आजाराची कहाणी लिहीत बसू नका. कापलेली ओळ, रक्कम आणि ते कलम तुम्हाला का लागत नाही, इतकं एका पानात मांडा.