डाळिंब फुलावर आहे, सकाळचा फवारा थांबवा

हस्त बहाराच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणाऱ्या, बागा फुलावर आल्यात. हत्तीचा पाऊस पाठ सोडत नाही, आभाळ भरून येतंय, शेंड्यावर फुलकिडे दिसतायत, आणि सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंत सकाळी सातलाच फवारणीचे ब्लोअर सुरू होतायत. बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं ऐका: फुलं उघडी असताना सकाळी कीटकनाशक मारू नका.

दरवर्षी याच एका चुकीनं बहार गेलेला बघतोय. गेल्या हंगामात एका बागेत गेलो. झाडं हिरवीगार, ठिबक चोख, खतं वेळेवर. पण खाली लाल फुलांचा सडा आणि झाडावर गाठ, म्हणजे धरलेलं कोवळं फळ, जेमतेम. मालक म्हणाले, "साहेब, टॉनिकं चार झाली, सेटिंगचं (फळ धरण्याचं) औषध दोनदा मारलं, तरी गळ थांबेना." फवारणीची वही मागितली. पंधरा दिवसांत पाच फवारण्या, सगळ्या सकाळच्या, त्यात तीन कडक कीटकनाशकाच्या. अख्ख्या बागेत मधमाशी नव्हती.

आपल्या बागेतलं बुडाशी फुगीर, कळशीसारखं एक फूल तोडा आणि ब्लेडनं उभं चिरा. आत पांढरे बारीक ठिपके दिसतील, ती बीजांडं. डाळिंबाचा एकेक दाणा म्हणजे फळलेलं एकेक बीजांड. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मधल्या दांडीच्या टोकावर, पडतो, तिथं रुजतो, त्याची नळी खाली उतरते आणि बीजांडात दोन नरकेंद्रकं सोडते. एक अंडपेशीला मिळून गर्भ होतो, दुसरं मधल्या दोन केंद्रकांना मिळून गर्भाची शिदोरी होते. हे दुहेरी फलन नवाशिन या शास्त्रज्ञानं १८९८ साली दाखवलं. आपण खातो तो लाल रसाळ भाग त्या बीचंच बाहेरचं आवरण असतं. बी धरली नाही तर दाणा नाही. शेकडो दाण्यांसाठी शेकडो परागकण त्या एका फुलावर पोचावे लागतात. अर्धेच पोचले तर फळ एका बाजूनं दबलेलं, वजनाला हलकं निघतं.

गोठ्यात आपण वेळ चुकवत नाही. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळी भरवतो (रेतन करतो), कारण माज संपल्यावर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटतं. तिथं शुक्राणू स्वतः पोहत जातो. परागकणाला ती सोय नाही, त्याला मुख्यतः मधमाशीच नेते. शिवाय पाण्यात भिजला की तो फुगून फुटतो. म्हणून सकाळच्या फवाऱ्याचा मार दुहेरी आहे: माशी मरते आणि पराग धुऊन जातो.

बुडाशी निमुळती, घंटेसारखी फुलं नर असतात, ती गळणारच. त्या सड्याकडं बोट दाखवून दुकानदार दोन-दोन हजारांच्या बाटल्या गळ्यात मारतात. गळलेली फुलं आधी हातात घेऊन बघा. नर असतील तर खिशात हात घालू नका.

फुलकिड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर. जोडीला निळे चिकट सापळे. रासायनिक औषध टाळताच येत नसेल तर डाळिंबावर लेबल असलेलंच घ्या, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला बघा, आणि एका टाकीत चार औषधं कालवू नका. बुरशीनाशकही संध्याकाळीच. दुकानातलं एकच घेण्यासारखं म्हणजे बोरॉन, परागनळी वाढायला ते लागतं: वीस टक्क्यांचं, लिटरला १ ग्रॅम, कळी अवस्थेत एकदा. फळ धरणारी फुगीर फुलंही गळत असतील तर एनएए हे गळ रोखणारं संप्रेरक १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), म्हणजे साडेचार टक्क्यांचं औषध १० लिटरला सव्वादोन मिली. जास्त घातलं म्हणून जास्त फळ लागत नाही.

माझा एक ठोकताळा आहे, विद्यापीठाचा नव्हे. सकाळी नऊला ऊन पडलं की दहा झाडं फिरा. पाच माश्यासुद्धा दिसल्या नाहीत तर सेटिंग बसणार नाही, औषध कुठलंही मारा.

बाकीची कामं:
– पाणी रोज थोडं, एकसारखं. एकदम ताण किंवा एकदम पूर नको
– पाच वर्षांवरच्या झाडाला वर्षाला ६२५ ग्रॅम नत्र, २५० स्फुरद, २५० पालाश, हप्त्यानं
– पाणसोट (सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) काढणं
– तेल्या या जिवाणूजन्य रोगाची फळं, फांद्या बागेबाहेर नेऊन जाळणं
– पावसाचं पाणी साचू न देणं

मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं मिळत असतील तर एकरी दोन आणा, पण फुलं पाच-दहा टक्के उमलल्यावर. आधी आणल्या तर माश्या शेजारच्या फुलोऱ्याची वाट धरतात आणि तिथंच रमतात. पेटी सावलीला ठेवा, जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात दोन-चार खडे टाका, म्हणजे माशी बुडत नाही. शेजाऱ्यालाही आजच सांगून ठेवा. त्याचा सकाळचा फवारा बांधावर थांबत नाही.