कंबर शिकागोत, डॉक्टर धंतोलीत: या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की नागपुरात धंतोलीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये परदेशातले पोट्टे यायला लागतात. सुट्टी दोन-तीन आठवड्यांची, कंबरदुखी मात्र सहा-आठ महिन्यांची. विमानातून उतरल्या उतरल्या आई धरून आणते. "तिकडे कोणी बघतच नाही हो, नुसत्या गोळ्या देतात," हे वाक्य ठरलेलं. बघतात. हे गेलेलेच नसतात, किंवा गेले तर चुकीच्या दारात.

दुखणं दिवाळीपर्यंत राखून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साधी उसण भरली असेल तर निभावून जातं, कारण नव्यानं सुरू झालेली बहुतेक कंबरदुखी सहा आठवड्यांत बरीचशी ओसरते. दुखणं पायात उतरलं की हिशेब बदलतो.

त्रिमूर्तीनगरचा एक मुलगा जर्मनीत नोकरीला. उन्हाळ्यात कंबर धरली, मग डाव्या पोटरीपर्यंत कळ जायला लागली. घरून पट्टा गेला, तेल गेलं, कोणाच्या तरी ओळखीतल्या डॉक्टरची व्हॉट्सॲपवर चिठ्ठी गेली. तिकीट आधीच काढलेलं, म्हणून गडी थांबला. मधल्या काळात चालताना डावी चप्पल पायातून निसटायला लागली, तर यानं नवी चप्पल घेतली! कळ थोडी कमी झाली म्हणून आईला "बरं आहे आता" असंही सांगून झालं. माझ्यासमोर आला तेव्हा मी टाचांवर चालायला लावलं. डावा पंजा वर उचललाच जाईना. मणक्यातल्या गादीचा शिरेवर दाब होता आणि शीर थकत चालली होती. अशा वेळी कळ कमी होणं ही खुशखबर असेलच असं नाही. त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशन झालं, कळ गेली, पावलातली ताकद मात्र पूर्ण परत आली नाही.

आणि या सगळ्या काळात त्याच्या पगारातून दरमहा आरोग्यविम्याचे पैसे कापले जात होते. जर्मनीत घराजवळच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करायची असते. तज्ज्ञाची वेळ मिळत नसेल तर ११६११७ या नंबरावरून ती मिळवून द्यायची सोय आहे. विम्यातून फिजिओथेरपी हवी तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, तीही तिथेच मिळते. भाषेची भीती वाटते, मान्य. ऑफिसातला एखादा मित्र सोबत न्या. माझ्याकडे येताना नाही का आई, मावशी आणि काका सोबत येत?

लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर आईला फोन नंतर करा. आधी युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. मणक्याच्या खालच्या टोकाचा शिरांचा जुडगा दाबला गेला असेल तर ऑपरेशनसाठी हातात तासच असतात. कंबरदुखीसोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा जोरात पडला असाल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी माझी खास नावडती चूक म्हणजे एमआरआय काढला नाही म्हणून तिथल्या डॉक्टरला बिनकामाचा ठरवणं. आपल्याकडे चिठ्ठी मिळाली की रामदासपेठेत त्याच दिवशी फोटो निघतो, त्याची सवय लागलेली. पण पायात ताकद आहे, वरची लक्षणं नाहीत, दुखणं नवं आहे, अशा वेळी एमआरआय न काढणं हाच बरोबर इलाज आहे. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन त्यात पाहिले होते. चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी फुगलेली निघाली, विशीतल्यांतही तीस टक्क्यांची. म्हणजे रिपोर्टात काहीतरी निघणारच. मग "मणक्यात गॅप आहे म्हणे" असं म्हणत पोरगं वाकायचंच सोडतं आणि कंबर आणखी आखडते.

तिकडच्या फिजिओनं व्यायाम लिहून दिले की यांचं दुसरं सुरू होतं: "तीन दिवस केले, फरक नाही पडून राहिला." तीन दिवसांत पोळीसुद्धा गोल होत नाही, बाप्पा. महिनाभर करा, मग तक्रार करा. मशीनचा शेक आणि मालिश मागणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

डॉक्टरकडे जाताना "खूप दुखतं" एवढंच तोंडपाठ करून जाऊ नका. मी पेशंटला कागदावर लिहून आणायला लावते: कधीपासून, सलग किती वेळ बसवतं, कळ पायात कुठपर्यंत जाते, रात्री झोपमोड होते का, कोणत्या गोळ्या घेतल्या. तिकडे दहा मिनिटं मिळतात, ती यातच सत्कारणी लागतात.

अमेरिकेत साध्या उसणीसाठी इमर्जन्सी रूममध्ये जाऊ नका, बिल बघून दुसरी उसण भरेल. अर्जंट केअर (वेळ न घेता जाता येणारा साधा दवाखाना) किंवा विद्यापीठाचं हेल्थ सेंटर पुरतं; आधी ते विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का एवढं बघा. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पौंड (विद्यार्थ्यांनी ७७६) आरोग्य अधिभार भरता आणि जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नावच नोंदवत नाही, हे काही मला समजत नाही. कंबर धरायच्या आधी नोंदवा. इंग्लंडमध्ये बऱ्याच भागांत फिजिओकडे स्वतःहून नावही देता येतं.

नागपूरहून बॅगेत गोळ्या भरून नेताना नावं वाचा. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची कडक गोळी दुबईला परवानगीशिवाय नेली तर कंबर राहील बाजूला, पोलिसांशी गाठ पडेल. आपल्याकडे शिरेच्या दुखण्यासाठी सर्रास लिहितात ते प्रीगाबालिन ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून नियंत्रित औषध आहे. चिठ्ठी सोबत ठेवा.

आठवडाभर पलंगावर पडून राहू नका. पट्टा दिवसभर बांधू नका.

आणि ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला एमआरआयचा फोटो मला पाठवू नका, त्यात मणक्यांपेक्षा तुमचा अंगठा जास्त दिसतो. लिंक किंवा सीडी, सोबत लेखी रिपोर्ट, आणि पाठवायचं ते इथली वेळ बघून. शिकागोत जेवणाची सुट्टी होते तेव्हा नागपुरात मध्यरात्र असते.