किलीमांजारोला जायचंय? आधी दिवस मोजा, मग पैसे

किलीमांजारो ५,८९५ मीटर, म्हणजे आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, आणि तरी त्याच्या नेहमीच्या वाटांनी वर जायला दोर लागत नाही, आइस अ‍ॅक्स लागत नाही, चालता आलं की झालं. म्हणूनच बरेच जण हलक्यात घेतात. पाय दमले म्हणून परत फिरणारे कमीच, जास्त करून डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, जेवण जात नाही आणि मग गाइड खाली आणतो. वर शिखरावर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा मिळतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो, कितीही फिट असलात तरी. त्यामुळे प्लॅनिंगमधला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे डोंगरावर किती दिवस काढणार, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

हिशोब साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. आता मारांगू रूटचा पाच दिवसांचा प्रोग्राम बघा, पहिली रात्र मंदारा हट २,७२० मीटर, दुसरी होरोंबो ३,७२०, तिसरी किबो हट ४,७२० आणि त्याच मध्यरात्री उठून शिखर. रोज हजार मीटर! हा सगळ्यात स्वस्त पडतो, झोपायला तंबूऐवजी लाकडी हट मिळतात म्हणून सोपा वाटतो, पण मी कुणालाच सुचवणार नाही. मारांगूच करायचा असेल तर सहा दिवसांचा घ्या, त्यात होरोंबोला एक जादा रात्र मिळते.

माझं मत विचाराल तर माचामे सात दिवस किंवा लेमोशो आठ दिवस. माचामेमध्ये शिरा कॅम्पवरून निघून दुपारी लावा टॉवरला ४,६०० मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला परत खाली ३,९०० च्या आसपास बारांको कॅम्पला यायचं, ही वर चढून खाली झोपायची युक्तीच खरी कामाची. दुसऱ्या दिवशी बारांकोची भिंत, बघून धडकी भरते पण हात टेकत टेकत निघते, मग कारांगाला मुक्काम, मग बाराफू. सहा दिवसांच्या माचामेमध्ये हाच कारांगाचा मुक्काम कापतात आणि थेट बाराफूला नेतात, म्हणजे लांबलचक दिवस चालून त्याच रात्री शिखराला निघायचं. तो एक दिवस वाचवू नका. लेमोशो पश्चिमेकडून येतो आणि सुरुवातीला शांत आहे. नॉर्दर्न सर्किट सगळ्यात लांब, सुट्टी आणि पैसे दोन्ही असतील तर उत्तमच. रोंगाई उत्तरेकडून आहे, तिकडे पाऊस कमी. उंब्वे खूप खडा आहे, पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

महिना: जानेवारी ते मार्चची सुरुवात, नाहीतर जून ते ऑक्टोबर. मार्चअखेर ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. पौर्णिमा बघून तारीख ठरवली तर शिखराच्या रात्री छान उजेड असतो, पण गर्दीही त्याच रात्री.

आता पैसे आणि कंपनी. १९९१ पासून इथं गाइडशिवाय चढायची परवानगीच नाही, त्यामुळे मोशी किंवा अरुशा या टांझानियातल्या जवळच्या शहरांमधली कुठलीतरी कंपनी घ्यावीच लागते. घासाघीस करण्याआधी हे समजून घ्या की पार्कची फी सगळ्यांना सारखीच आहे: प्रवेश रोजचे ७० डॉलर, कॅम्पिंग रात्रीचे ५०, रेस्क्यूचे एकदाच २०, आणि त्यावर १८ टक्के व्हॅट. सात दिवसांचे झाले साडेनऊशे डॉलरच्या आसपास (दर बदलत असतात, बुकिंगच्या वेळी परत बघा). मग कुणी सगळं मिळून तेरा-चौदाशेत नेतो म्हणाला तर उरलेल्या पैशात गाइड, कुक, पोर्टर, जेवण, तंबू, गाडी एवढं सगळं कसं बसेल, तुम्हीच सांगा. कात्री लागते ती पोर्टरच्या पगाराला आणि जेवणालाच.

पोर्टरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हे ठरवणं बुकिंग करणाऱ्याच्याच हातात असतं. एका माणसामागे सहज तीन-चार पोर्टर असतात, तंबू, गॅस, भांडी, तुमची बॅग सगळं तेच नेतात, आणि बाराफूला पाणीच नाही म्हणून तेही खालून डोक्यावर येतं. नियमाने एकाने २० किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, म्हणून तुमची डफल बॅग १५ किलोच्या आत ठेवा. किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, ती पोर्टरना पगार, जेवण, झोपायची सोय नीट देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, आपली कंपनी त्यात आहे का बघा आणि कंपनीला थेट विचारा की पोर्टरना रोज किती देता, दिवसातून किती वेळा जेवण देता. उत्तर टाळलं तर दुसरी कंपनी बघा. टीप वेगळी, ग्रुपच्या साइजप्रमाणे माणशी २५० ते ३०० डॉलर बाजूला ठेवा, सुट्ट्या आणि चांगल्या नोटा न्या, जुन्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा तिथं घेत नाहीत. शक्यतो सगळ्यांसमोर प्रत्येकाच्या हातात द्या.

तयारी निदान तीन-चार महिने आधी सुरू करा. पळणं, जिने चढणं चांगलंच, पण मुख्य म्हणजे पाठीवर सहा-सात किलो घेऊन लागोपाठ दोन दिवस पाच-सहा तास चालून बघा. उतरायचीही प्रॅक्टिस करा, गुडघे तिथंच बोलतात. बूट नवेकोरे नेऊ नका, आधी भरपूर वापरून घ्या.

सामानात थंडीचं काही कमी करू नका, खाली गेटजवळ दमट जंगल असतं आणि शिखरावर वाऱ्यासकट उणे १५-२० सुद्धा होऊ शकतं. जाड डाउन जॅकेट, उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, ट्रेकिंग पोल हे सगळं मोशीत भाड्याने मिळतं, बूट आणि आतले कपडे मात्र स्वतःचेच. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, कपडे ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या बॅगमध्ये भरा. इन्शुरन्स घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू कव्हर आहे का ते बघाच, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक नसतं. शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगून ठेवा. यलो फीव्हरची साथ असलेल्या देशात विमान बदलताना बारा तासांपेक्षा जास्त थांबणार असाल तर लसीचं सर्टिफिकेट लागतं.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास कमी व्हावा म्हणून घेतात ती गोळी, घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. ती घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, ते नॉर्मल आहे. गाइडपासून काहीही लपवू नका. थोडी डोकेदुखी बऱ्याच जणांना होते, पण चालताना तोल जायला लागला, बोलणं गडबडलं, किंवा नुसतं बसलेलं असताना धाप लागली तर थांबून वाट बघायची नाही, लगेच खाली, रात्र असली तरी. इथं गाइडचा शब्द शेवटचा, भरलेले पैसे मध्ये आणू नका.

शिखराची रात्र अकरा-बाराला सुरू होते. सहा-सात तास अंधारात, अगदी हळू, भुसभुशीत मातीवरून. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठते म्हणून बाटल्या न्या आणि उलट्या ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो. मोबाइल आणि टॉर्चच्या जादा बॅटऱ्या अंगाला लागून आतल्या खिशात. स्टेला पॉइंटला ५,७५६ मीटरवर बऱ्याच जणांना संपलं असं वाटतं, पण उहुरू, म्हणजे खरं शिखर, अजून तासाभरावर आहे, थोडी ताकद राखून ठेवा.

मग त्याच दिवशी ३,१०० मीटरपर्यंत म्वेका कॅम्पला उतरायचं असतं, म्हणजे एकूण बारा तासांच्या वर चाल होते. दुसऱ्या दिवशी गेटला पोचायला दुपारही होऊ शकते, म्हणून परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका, मोशीत एक रात्र ठेवा, आणि जातानाही एक दिवस आधी पोचा, बॅग विमानात मागे राहिली तर यायला वेळ मिळतो.