छोट्या सांस्कृतिक कार्यक्रमासाठी पब्लिक लायबिलिटी विमा कसा घ्यावा

दिवाळी पहाट, सोसायटीतली एकांकिका, शाळेच्या हॉलमधले चित्रप्रदर्शन, कोजागिरीची मैफल. या कार्यक्रमांच्या अंदाजपत्रकात मांडव, साउंड, मानधन, चहा-फराळ, हारतुरे असे सगळे रकाने असतात. समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपल्यामुळे इजा झाली तर भरपाई कुठून देणार, हा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी कोरा असतो. तो पब्लिक लायबिलिटी विम्याने भरायला हवा, असे मला अगदी मनापासून वाटते. कार्यक्रम कितीही घरगुती असला तरी बोलावलेल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी बोलावणाऱ्यावर येते.

कोणता विमा हवा, हे आधी ठरवा

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. २०२३ साली राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा उतरवला. माणशी हप्ता ७५ रुपये आणि मृत्यू झाल्यास १० लाख रुपये. चांगलीच गोष्ट झाली, पण तो वैयक्तिक अपघात विमा होता. त्याचा लाभ थरावर चढणाऱ्याला. गोविंदा अंगावर पडून खाली उभा असलेला बघ्या जखमी झाला, तर त्याला या विम्यातून काही मिळत नाही.

मुंबईत किंग्ज सर्कलला गणपती बसवणाऱ्या जीएसबी सेवा मंडळाने त्याच वर्षी ३६०.४० कोटींचा विमा काढला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्यातले २८९.५० कोटी स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी अशा मंडळींच्या अपघात विम्याचे होते. भाविक आणि मंडपासाठीची पब्लिक लायबिलिटी होती ३० कोटींची. छोट्या मंडळाला आधी हवा असतो तो हा शेवटचा भाग. त्रयस्थ माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि त्याला आपण कायद्याने जबाबदार ठरलो, तर ती भरपाई आणि वकिलाचा खर्च त्यातून निघतो.

एजंटकडे ‘पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल’ किंवा इव्हेंट पॉलिसीतला लायबिलिटीचा भाग, असे स्पष्ट मागा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ साली आलेल्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याखालची पॉलिसी घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी असते. ती आपल्या कामाची नाही.

पॉलिसी कोणाच्या नावावर?

मंडळ नोंदणीकृत असेल, म्हणजे ट्रस्ट किंवा नोंदलेली संस्था असेल, तर नोंदणीच्या दाखल्यावर आहे तेच नाव, काना-मात्रेसह. नोंदणी नसेल तर जास्त जपा. अशा मंडळाला कायद्याच्या दृष्टीने वेगळे अस्तित्व नसते, त्यामुळे दावा थेट कार्यकर्त्यांवर येतो. पोलीस परवानगीच्या अर्जावर ज्यांची सही असते, त्यांची नावे सगळ्यात आधी निघतात. म्हणून विमाधारकांत पदाधिकारी, समिती सदस्य आणि स्वयंसेवक यांचा समावेश करून घ्या. हॉलमालकाने आपलेही नाव घालायला सांगितले, तर ते आत्ताच घाला.

रक्कम किती?

इथे अंदाजाने आकडा टाकू नका, थोडे गणित करा. समजा, महिना २५ हजार कमावणारा, वय ३० वर्षे, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेला माणूस आपल्या कार्यक्रमात कमान कोसळून दगावला. घरी त्याच्यावर अवलंबून असलेले तिघे. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली पद्धत इतर निष्काळजीपणाच्या दाव्यांतही आधाराला घेतली जाते. तिच्याप्रमाणे वर्षाचे उत्पन्न ३ लाख. त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ४ लाख २० हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा केला की उरतात २ लाख ८० हजार. या वयाला गुणक, म्हणजे ही रक्कम किती पट धरायची तो आकडा, १७. उत्तर येते ४७ लाख ६० हजार, आणि हे फक्त एका माणसाचे.

म्हणून २५ लाखांची पॉलिसी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. दोनशे-तीनशे प्रेक्षकांच्या कार्यक्रमालाही एका घटनेसाठी निदान १ कोटी धरा, असे माझे मत आहे. पॉलिसीवर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एका अपघातासाठी आणि पूर्ण मुदतीसाठी. दोन्ही वाचा. दाव्यातला सुरुवातीचा ठरावीक भाग आपल्यालाच भरावा लागतो. त्याला एक्सेस म्हणतात. तो मर्यादेच्या अर्धा टक्का असेल तर १ कोटीवर ५० हजार होतात, आणि तेवढे पैसे मंडळाच्या खात्यात हवेत. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, काय लिहायचे

खरे ते आणि सगळे. प्रेक्षक चारशे येणार असतील तर दीडशे लिहू नका. ऐतिहासिक नाटकात मशाली, भुईनळे किंवा धुराचे यंत्र असेल तर नमूद करा. माहिती लपवली होती, एवढ्या कारणावरही दावा फेटाळला जाऊ शकतो. फराळ देणार असाल तर अन्नातून विषबाधेचे कव्हर जोडून मागा. वादळी पावसाची भीती असेल तर नैसर्गिक आपत्तीचेही. ही कव्हर मूळ पॉलिसीत असतीलच असे नाही.

मुदत लिहिताना फक्त प्रयोगाची तारीख टाकली जाते. पण बांबू चढवण्याची आदली रात्र आणि मांडव उतरवण्याचा दुसरा दिवस हे जास्त धोक्याचे असतात, कारण तेव्हा दमलेली माणसे अंधारात काम करत असतात आणि रस्ता रहदारीला खुला असतो. ते दोन्ही दिवस मुदतीत घ्या. हप्ता हाती पडल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, हे विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमातच आहे. तेव्हा ‘पैसे उद्या देतो’ चालत नाही. दोन-तीन आठवडे आधी कामाला लागा.

काय वगळले आहे, ते पैसे भरण्याआधी वाचा

आपल्या ताब्यात असलेली दुसऱ्याची वस्तू सहसा वगळलेली असते. भाड्याने आणलेला साउंडचा मिक्सर, कुणाकडून हक्काने मागून आणलेला मिरजेचा तानपुरा, हॉलचा पडदा, यांचे काही झाले तर ही पॉलिसी बहुधा उपयोगी पडत नाही. त्यासाठी वेगळे कव्हर घ्यावे लागते. कलाकार आणि स्वयंसेवक स्वतः जखमी झाले तर त्यांना बहुतेक पॉलिसी त्रयस्थ मानत नाहीत, त्यांच्यासाठी गट अपघात विमा. मांडववाल्याच्या कामगारांसाठी त्याच्याकडून कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीची प्रत घ्या. संगीताच्या परवान्याचे वाद यात बसत नाहीत, आणि फौजदारी शिक्षा तर कोणताच विमा भोगत नाही.

परवानग्यांची अटही असते. पोलीस, अग्निशमन, ध्वनिक्षेपक, तात्पुरती वीजजोडणी, मांडव-रंगमंचाचे स्थैर्य प्रमाणपत्र, सगळ्याची एक फाइल करा. १९९५ साली हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या समारंभात कृत्रिम कापडाच्या मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मोठ्या संख्येने मुले. म्हणून मांडवाचे कापड कोणते, बाहेर पडायच्या वाटा किती, हे विमा कंपनीने विचारण्याआधी आपण विचारावे. साउंडच्या केबल प्रेक्षकांच्या वाटेवरून नेऊ नका. न्याव्याच लागल्या तर जाड टेपने जमिनीला सपाट चिकटवा, वर रबरी पट्टी टाका आणि मध्यंतराआधी कोपरे सुटले आहेत का ते बघायला एक माणूस नेमा.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना हे नवीन नाही. अमेरिकेत शाळेचे सभागृह घ्यायचे तर विम्याचे प्रमाणपत्र आधी मागतात, बरेचदा एका घटनेसाठी १० लाख डॉलरचे, आणि त्यावर शाळेचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून लागते.

अपघात झालाच तर

आधी माणूस. प्रथमोपचार, रुग्णवाहिका, सोबत दवाखान्यात जाणारा कार्यकर्ता, यात विम्याचा विचार मध्ये आणू नका. मदत करणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे. मात्र ‘सगळा खर्च आम्ही देऊ’ असे लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नका, कारण कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, अशी अट पॉलिसीत असते. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. जागा आवरण्याआधी फोटो काढा, साक्षीदारांचे फोन नंबर घ्या, हॉलचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला लेखी सांगा.

नोटीस काही महिन्यांनी येऊ शकते. काही पॉलिसींत दावा मुदतीतच दाखल व्हावा लागतो, म्हणून कार्यक्रम संपल्यावर आलेला दावा चालेल का आणि किती दिवस, हे घेतानाच लेखी विचारून ठेवा. कार्यकारिणी बदलली तरी फाइल नव्या सचिवाकडे सोपवा आणि निदान तीन वर्षे सांभाळा.