एअरपोर्टवर एंटरप्राइझ आर्किटेक्ट व्हायचंय? आधी एका बॅगेच्या मागे फिरा

आयटीत सात-आठ वर्षं झालेली बरीच मुलं विचारतात, एअरपोर्टवर एंटरप्राइझ आर्किटेक्ट, म्हणजे सगळ्या सिस्टिम एकमेकींशी कशा जोडायच्या हे ठरवणारा माणूस, व्हायला कुठलं सर्टिफिकेट करू. टोगाफ करा, जाहिरातीत मागतात ते. पण त्याआधी एका बॅगेचा प्रवास कागदावर काढा.

चेक-इनला बॅगेला जो टॅग लागतो त्यावर १० आकडी नंबर असतो, तो नंबर घेऊन एअरलाइनच्या सिस्टिममधून बॅगेज सिस्टिमला एक मेसेज जातो, त्याला बीएसएम (बॅगेज सोर्स मेसेज) म्हणतात, तो पोचला तर बॅगा वेगळ्या करणाऱ्या सॉर्टरला कळतं बॅग कुठल्या फ्लाइटची, नाही पोचला तर बॅग बाजूच्या बेल्टवर जाते आणि तिथे कुणीतरी हाताने नंबर टाकत बसतं. लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल ५ हे २७ मार्च २००८ ला उघडलं तेव्हा टेस्टिंगसाठी लावलेला, मेसेज अडवणारा फिल्टर काढायचाच राहिला होता. गोंधळाची कारणं अजूनही होती, पण हजारो बॅगा अडकल्या त्यात हेही होतं.

मग एओडीबी, म्हणजे एअरपोर्टचा मुख्य डेटाबेस, शिका. फ्लाइटची वेळ, स्टँड (विमान उभं राहतं ती जागा), गेट, बेल्ट सगळं त्यात असतं आणि बाकीच्या सिस्टिम तिथून घेतात. आर्किटेक्टचं खरं काम इथे आहे, कुठली माहिती कुणाच्या मालकीची हे ठरवणं आणि ते सगळ्यांकडून पाळून घेणं. मी ज्या एअरपोर्टवर होतो तिथे एकदा बोर्डावर नवीन गेट आणि अ‍ॅपमध्ये जुनंच, एक आजी मोबाइल हातात धरून जुन्या गेटपाशी बसून राहिल्या, त्यांची फ्लाइट गेली. नंतर बघितलं तर अ‍ॅपवाल्यांनी डेटाची स्वतःची कॉपी ठेवली होती आणि ती उशिरा अपडेट व्हायची. मला ते आजही लागतं, कारण ती कॉपी आमच्या डायग्रामवर कुठेच नव्हती.

आत शिरायचा सोपा रस्ता म्हणजे इंटिग्रेशन (सिस्टिम एकमेकींना जोडणं) किंवा सपोर्टचं काम, शिफ्ट असल्या तरी घ्या. ऑपरेशन्सच्या लोकांसोबत उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही. मुंबईचंच बघा, तिथे परदेशी विमानांची गर्दी मध्यरात्रीनंतर असते, त्यामुळे 'रात्री सिस्टिम बंद ठेवून अपग्रेड करू' हे इतर कंपन्यांत चालतं, तिथे चालत नाही.

आणि सिस्टिम पडली तर हाताने काम कसं चालेल हेही डिझाइनमध्येच धरा. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक एअरलाइन्स मिळून वापरतात त्या चेक-इन सॉफ्टवेअरवर सायबर हल्ला झाला आणि ब्रुसेल्स, बर्लिन, हीथ्रो एकाच वेळी अडकले, काउंटरवरच्या लोकांना हाताने चेक-इन करावं लागलं. इंटरव्ह्यूला जाताना बॅगेचा तो कागद सोबत न्या, आणि त्यावर प्रत्येक बाणाखाली लिहा की हा बाण तुटला तर पुढचं काम कोण करणार आणि कशाने.