घोड्यावरून दरीच्या कडेनं जाताना भेव वाटत असेल तर

आमचं गाव अंजनगावच्या बाजूचं, सारा मुलूख सपाट. कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा. उंच म्हणावं असं एकच, पाण्याची टाकी. तिच्या शिडीकडे नुसतं पाहिलं तरी माझ्या तळपायाला मुंग्या यायच्या. आणि सुटीत चिखलदऱ्याला, म्हणजे जवळपास ११०० मीटरवर, घोड्यावरून कडेकडेच्या वाटेनं जायचं ठरलं. मी दोन महिने आधीपासून तयारीला लागले. ज्यांना असंच भेव वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते.

उभं राहताना आपले डोळे जवळच्या भिंती, झाडं पाहून तोल सांभाळायला मदत करतात. दरीच्या काठाशी समोर जवळ काहीच नसतं, म्हणून शरीर नेहमीपेक्षा जास्त डुलतं आणि जीव घाबरा होतो. घोड्यावर बसल्यावर तर डोळे जमिनीपासून सात-साडेसात फूट वर जातात. तेव्हा डोळ्यांना जवळची वस्तू द्यायची. हे एवढं कळलं तेव्हाच माझं अर्धं ओझं उतरलं.

सराव घरीच करा. मी रोज संध्याकाळी स्लॅबवर जायची. आधी जिन्याच्या तोंडाशी, मग कठड्यापासून चार हात, मग दोन हात. छाती धडधडली की पळायचं नाही. काही मिनिटं तिथंच थांबलं तर धडधड आपोआप उतरते. पळालं तर मात्र भेव पक्कं होतं. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. भराभर श्वास घेतले की उलट चक्कर येते, बोटं झिणझिणतात. नंतर मी कापूस भरलेल्या बैलबंडीवर बसून शेतातून घरी यायला लागले. उंची आणि हलणं, दोन्हींची सवय झाली. नुसतं सपाटीवर उभं असतानाही डोकं गरगर फिरत असेल, तर तो कानाचा त्रास असू शकतो, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मनानं झोपेची किंवा शांत करणारी गोळी घेऊन घोड्यावर चढू नका, तोल जातो.

पावसाळ्यात चिखलदरा फार देखणा, पण वाट निसरडी आणि धुकं दाट. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हिवाळ्यातली सकाळ धरावी. बूट थोड्या टाचेचे, ओढणी घट्ट बांधलेली, डोक्यावर हेल्मेट. बसण्याआधी घोडेवाल्याला तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळायला सांगा. चालल्यावर तो सैल पडतो. आणि त्याला मोकळेपणानं सांगा, मला उंचीचं भेव आहे, लगाम धरून सोबत चाला. लाजायचं काय त्यात? मागच्या खेपेला माझ्याच माणसांनी मला हाताला धरून देवी पॉइंटच्या कठड्यापर्यंत ओढलं होतं. रात्रभर झोप नाही आली. असं कुणी कुणाला करू नये.

वाट अरुंद झाली आणि डावीकडची जमीन संपली, तिथं मी आखडले. पाय घोड्याच्या पोटाशी आवळले, लगाम छातीपर्यंत ओढला, अंग डोंगराकडे कलतं केलं. तिन्ही चुका. पाय आवळले की घोड्याला वाटतं, पुढं पळ. लगाम ओढला की त्याची मान वर होते, त्याला पाय कुठं टाकायचा ते नीट दिसत नाही. एका अंगाला कललं की खोगीर सरकतं. घोडेवाला वळून म्हणाला, "ताई, खाली काहून पाह्यता? त्याच्या दोन कानाच्या मधातून वाट पाहा. अन् हात आयाळीत घाला."

मी आयाळ धरली. खरखरीत, घामानं ओलसर, बोटांना धरायला काहीतरी जिवंत. डोळे कानांवर. एक कान पुढं, एक मागं माझ्याकडे वळलेला. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली, बूड खोगिराच्या मधोमध. चढावर थोडं पुढं वाकायचं, उतारावर सरळ बसून अंग जरासं मागं. घोडा कडेच्या बाजूनं चालायला लागला तरी घाबरू नका. ओझं वाहणाऱ्या जनावरांना ती सवयच असते, आतून गेलं तर ओझं कपारीला घासतं.

सहन होत नसेल तर थांबवा, पण अरुंद जागी दरीच्या बाजूनं उतरू नका. रुंद जागा येईपर्यंत दम धरा, आणि डोंगराच्या अंगानं उतरा. मी एकदा उतरले, पाणी प्याले, दहा मिनिटांनी पुन्हा बसले.

परतीला घाई करू नका. त्याच वाटेनं त्याच दिवशी दुसरी फेरी मारा. पहिल्या फेरीत मला फक्त कान दिसले होते. दुसऱ्या फेरीत वळणावर मी घोडा थांबवायला सांगितलं आणि मान वळवून खाली पाहिलं. पानं झडलेली सावर लाल फुलांनी भरली होती, वरून.