साउंडसाठी जुना टेम्पो घेताना काय बघायचं

जुना टेम्पो बघायला निघण्याआधी गोदामात एक वजनकाटा आणि एक मेजरटेप घेऊन बसा. लोक उलटं करतात: आधी गाडी आवडते, मग त्यात सामान बसवायची खटपट सुरू होते.

भाड्याने द्यायच्या मध्यम साउंड सेटअपचा हिशेब असा पडतो. डबल अठराचे (आत अठरा इंची दोन स्पीकर असलेले) चार बेस, प्रत्येकी साधारण 85 किलो, म्हणजे 340. चार टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर, 45 च्या हिशेबाने 180. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅम्पचा भरलेला रॅक 130. स्टेजवरच्या कलाकारांसाठीचे चार मॉनिटर स्पीकर 88, केसमधला मिक्सर 45. वायरच्या दोन पेट्या 130, स्टँड आणि माइकची पेटी 60, पॉवर डिस्ट्रिब्युशनचा बॉक्स 40. बेरीज 1013 किलो. यात बाहेरून वाटतं त्यापेक्षा जड निघतात त्या वायरच्या पेट्या. त्या अंदाजाने धरू नका, काट्यावर चढवा.

आता छोटा हत्ती (टाटा एस) बघा. त्याची क्षमता साधारण पाऊण टनाची, हौदा सात फुटांच्या आसपास लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद. वरचा सेटअप त्यात रचून बसवता येईलही, पण पाव टन जास्त होतं. मग ब्रेक उशिरा लागतो, मागचे टायर तापतात, सस्पेन्शनचे पाटे बसतात. दोन बेस, दोन टॉपवाल्या पार्टीच्या कामाला छोटा हत्ती किंवा सुपर कॅरी पुरते. एक टनाच्या पुढे गेलात की दोस्त, इंट्रा व्ही30, बोलेरो पिकअप या वर्गात बघायचं. टाटा 407 तेव्हाच, जेव्हा ट्रस (लाइट टांगायचा सांगाडा) आणि लाइटही तुमचेच असतात.

सुरक्षित म्हणून गरजेपेक्षा फार मोठी गाडी घेणं हीसुद्धा चूकच. दीड टनासाठी बनलेले पाटे चारशे किलोवर दबतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट मिक्सरच्या बोर्डाला बसतो. रिबन केबल सैल होतात, सोल्डर तडकतं, आणि दोष अॅम्पवर जातो. मालकाने जादा पाटा घातला असेल तर तेच. नेहमीचं वजन गाडीच्या क्षमतेच्या साठ ते ऐंशी टक्क्यांत बसलं तर बरं.

क्षमता विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की क्षमता कळते. त्यावरही थांबू नका, गाडी रिकामी धरमकाट्यावर न्या. नंतर बसवलेली लोखंडी बंद बॉडी, जाड पत्रा, सीएनजीची टाकी यांचं वजन आरसीत बऱ्याचदा चढलेलंच नसतं. काट्यावर गाडी कागदापेक्षा दोनशे किलो जड निघाली, तर तेवढे दोनशे किलो तुमच्या सामानातून गेले.

आता टेप. गोदामाच्या फरशीवर खडूने हौद्याच्या आतल्या मापाचा चौकोन आखा आणि त्यात सगळं सामान रचून बघा. आतलं माप म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांच्या आतलं. आठ फुटी हौद्यावर बंद बॉडी केली की रुंदी 60-61 इंचांवर येते. बेस 42 इंच रुंद, 30 खोल, 22 उंच असेल तर 30 अधिक 30 बरोबर 60, कागदावर बसले. पण बेसवर गादीचं कव्हर असतं, त्याचा एकेक इंच दोन्हीकडून वाढतो आणि दुसरा बेस दारातच अडकतो. अशा वेळी बेस कुशीवर उभे करा, म्हणजे 42 ची बाजू वर. कव्हरसकट 24 अधिक 24 म्हणजे 48, आणि उरलेल्या 12 इंचांच्या पट्टीत स्टँडच्या पिशव्या उभ्या सरकतात. दोन रांगांत चार बेस कव्हरसकट चौसष्ट इंच लांबीत बसतात, एकावर एक उचलून ठेवायची पाळी येत नाही. फक्त चाकं त्या कुशीच्या बाजूला बसवून घ्यावी लागतात.

दाराच्या चौकटीचं माप वेगळं घ्या. आत 61 इंच असले तरी चौकट चार-सहा इंचांनी अरुंद असू शकते. वर गुंडाळणारं शटर असेल तर दाराजवळची उंचीही कमी होते. तिथे टॉपचा दुसरा थर बसत नाही. दोन पाखांचं दार उघडायला मागे अडीच फूट मोकळी जागा लागते, जी गिरगावच्या गल्लीत किंवा हॉलच्या मागच्या बोळात मिळत नाही. पाखं 270 अंश फिरून बाजूला टेकतात का आणि तिथे हुक आहे का, ते बघा. हॉटेलात कामं असतील तर टपापर्यंतची पूर्ण उंची मोजून ठेवा. मालाची वाट तळघरातून असली, तर तिथली लोखंडी आडवी दांडी कोणाची गय करत नाही.

हौद्याची जमिनीपासूनची उंची म्हणजे सामान चढवणाऱ्या पोरांची कंबर. उंची 30 इंच असेल आणि फळी आठ फुटांची असेल तर चढ 18 अंशांचा होतो, 85 किलोचा बेस वर ढकलताना 26-27 किलोचा जोर लागतो, चाकांचं घर्षण वेगळं. दहा फुटांची फळी घेतली की तोच जोर 21 वर येतो. पण दहा फुटांची फळी लावायची तर गाडीमागे तेवढी जागा हवी, आणि ती फळी आठ फुटी हौद्यात आडवी राहत नाही. तिरकी किंवा बॉडीखाली पट्ट्या ठोकून ठेवावी लागते. खाली उघडणारा फाळका असलेली गाडी मिळाली तर फळी त्याच्या कडेला न अडकता थेट हौद्याच्या चौकटीवर टेकते का, ते तपासा.

गाडीने आधी काय वाहिलं

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न मोठा. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर मासळी वाहिलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली झिरपतं आणि चॅसीच्या आत बसतं, वरून रंग मारला की दिसत नाही. वास मात्र बंद बॉडीत पहिल्या पावसात परत येतो. वाशीच्या मार्केटमधून भाजी-कांदा वाहणाऱ्या गाडीचा तळही ओला राहतो. टाइल्स आणि सिमेंटच्या गाडीचे पाटे, हब, क्लच सगळं थकलेलं. कुरिअरची गाडी दिवसाला साठ वेळा थांबते, तिचं इंजिन ठीक आणि क्लच-स्टार्टर गेलेलं. सगळ्यांत चांगली निघते ती वेफर, बिस्किटं किंवा औषधं वाहिलेली. बॉडी मोठी आणि कोरडी, वजन हलकं. दलालाला हाच एक प्रश्न आधी विचारा आणि उत्तर हौद्याच्या तळाशी पडताळून बघा. ताजा काळा रंग फक्त तळालाच दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचा. पापुद्रा सुटला की समजा.

खाली वाकून चॅसीवर, पाट्याच्या हँगरजवळ, वेल्डिंगची पट्टी दिसली तर तिथे चॅसी तडकलेली होती. पाटे दोन्ही बाजूंनी मोजा. संख्या वेगळी, किंवा एखादा पाटा नव्या चकचकीत रंगाचा, म्हणजे गाडी जादा वजनावर धावलेली. मागच्या चाकाच्या आत तेलाचे ओघळ असतील तर हबचं सील गेलं आहे, ब्रेक लायनिंग तेलात भिजून भरल्या गाडीला ब्रेक कमी लागणार. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खटखट आली तर बेअरिंग किंवा किंगपिन.

इंजिन थंड असताना चालू करा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, न थांबणारा पांढरा म्हणजे कूलंट किंवा कॉम्प्रेशन. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण फिरवून सैल करा आणि नुसतं वर ठेवा. ते जागेवर थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा फुसफुस धूर आला तर रिंग झिजल्या. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. पडत नसेल तर प्लेट घसरते.

रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे. आपलं सामान किंवा वाळूच्या गोण्या भरून टन-सव्वा टन वजन टाका, घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर न्या. तिथे ताप, गिअर उडणं, ब्रेक एका बाजूला ओढणं सगळं दिसतं. सीएनजीवर ताकद डिझेलपेक्षा कमीच असते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या कामांना जाणाऱ्यांनी ही चाचणी सोडू नये. खाली आल्यावर चारही चाकांच्या रिमला लांबून हात दाखवा; एकच फार तापली असेल तर तिथला ब्रेक घासतोय.

सीएनजीच्या टाकीवर चाचणीची तारीख कोरलेली असते. हायड्रो टेस्ट तीन वर्षांनी करावी लागते. टाकी केबिनच्या मागे हौद्यात बसवली असेल तर फूटभर जागा गेली, ती खडूच्या चौकोनातून वजा करा. टायरवर चार आकडी छाप असतो: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांवरचा टायर बदलायचा धरूनच भाव करा. स्टेपनीही बघा.

पाऊस

मुंबईत बंद बॉडी घ्यायची ती जून ते सप्टेंबरसाठी, आणि गणपतीही त्याच दिवसांत. भर दुपारी आत बसा, दार बाहेरून लावायला सांगा. डोळे सरावले की टपाच्या सांध्यात, कोपऱ्यात, बोल्टांभोवती उजेडाचे ठिपके दिसू लागतात. खडूने खूण करत जा. मग बाहेरून पाइपने दहा मिनिटं पाणी मारा, आधी दाराच्या रबरावर, मग टपावर, शेवटी खालून चाकांच्या बाजूने. शेवटचं बहुतेक लोक विसरतात. चाकाने उडवलेलं पाणी तळाच्या भोकांतून आत येतं आणि बेसचा कागदी कोन खालून ओलावतो. टपाचे ठिपके सीलंटने भागतात. तळ गळत असेल तर पत्रा साफ करून, भोकं बुजवून त्यावर 12 मिलीमीटर मरीन प्लाय टाकावा लागतो. उघड्या हौद्यावर ताडपत्री टाकून चार महिने काढता येतात, पण एकदा वारा आत शिरला की मिक्सर गेला.

बांधायला कड्या नसतील तर बसवून घ्या, पण पत्र्याला नाही, चौकटीच्या लोखंडाला. जड बेस केबिनच्या भिंतीला टेकवून, त्यांना लागून अॅम्पचा रॅक आणि मिक्सर. मागच्या अॅक्सलच्या पलीकडचा भाग सगळ्यांत जास्त उडतो, तिथे वायरच्या पेट्या ठेवा. जागेवर आधी त्याच लागतात, म्हणून त्या दाराशी असणं सोयीचंच. रॅचेट बेल्ट प्रत्येक रांगेला वेगळा, सगळ्यांना मिळून एक नको.

कागद

चॅसी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा, मग वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, फिटनेस, विमा बघा. ई-चलान महाट्रॅफिकवर, साउंडवाल्याची गाडी असेल तर नो-पार्किंगची रांगच निघते. ती विक्रेत्याने भरायची. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी करावं लागतं. आरसीवर बॉडी उघडी लिहिलेली आणि प्रत्यक्षात बंद असेल तर फिटनेसला अडते, आधी नोंद बदलून मागा. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही, वर गेलं की लागतो. पिकअप घेताना ही रेघ लक्षात ठेवा. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलेलं असेल तर 35 आणि बँकेचं पत्र, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. जुनी डिझेल गाडी असेल तर तिच्या वयाला तुमच्या आरटीओत आज कोणता नियम लागू आहे, ते बयाणा देण्याआधीच खिडकीवर विचारा.

पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी व्हॅन सीट काढून वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. गाडीच्या विम्यात आतलं सामान धरलेलं नसतं, त्याची वेगळी पॉलिसी काढावी लागते. पोरं हौद्यात बसवायची नाहीत. केबिनमध्ये आरसीवर जितक्या सीट, तितकेच, बाकीचे लोकलने. रात्री दहाला आवाज बंद करून सामान भरेपर्यंत साडेअकरा-बारा वाजतात, तेव्हा शेवटची गाडी कुठल्या लाइनवर किती वाजता आहे, तो हिशेब कामाच्या दरात आधीच धरा.

भाव ठरवताना दिसलेल्या दुरुस्त्यांची यादी मालकासमोर ठेवा: टायर, क्लच, सील, टपाचं सीलंट, प्लाय. यातलं जे त्याने करून द्यायचं कबूल केलं ते गाडी ताब्यात घेण्याआधी करून घ्या, नंतर फोन उचलला जात नाही. आणि गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे हातात राखून ठेवा, ते पहिल्या तीन महिन्यांत लागतात.